कमानीची नोझलं

चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला आमची एक कमान होती. कमान म्हटलं की लोकांना देऊळ आठवतं, नाहीतर लग्नाचा मांडव. आमची कमान मोटारी धुवायची होती. दोन बाजूंना दोन उभे लोखंडी नळ, वर एक आडवा नळ, आणि त्या तिन्ही नळांवर मिळून बत्तीस पितळी नोझलं. नोझल म्हणजे बारीक भोकाची तोटी. खाली जमिनीत एक लांबलचक लोखंडी पट्टी पुरलेली होती. ट्रकचं चाक पट्टीवर चढलं की ती दबायची, आतला व्हॉल्व्ह उघडायचा, आणि विहिरीवरचं इंजिन ढकलत असलेलं पाणी बत्तीस तोंडांनी ट्रकवर तुटून पडायचं. चाक उतरलं की पाणी बंद. माणसाने कशालाही हात लावायचा नाही. माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणत असे, येईल त्याला सांगायचे, "आटोमॅटिक हाय. सायबाच्या देशात बी आशीच आसती." साहेबाचा देश त्यांनी पाहिला नव्हता, पण सांगताना कधी अडखळले नाहीत.

ही कमान त्यांनी लढाई संपल्यावर लष्करी सामानाच्या लिलावात घेतली होती. घेतली तेव्हा सगळं चिंचवड हसलं म्हणे. गावात मोटारी मोजून चार, त्यातल्या दोन बंद. पण मी लग्न होऊन आले तोवर पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले होते, आणि विटा, वाळू, सिमेंट वाहणारे ट्रक दिवसभर धुरळा उडवत जात होते. एका मोठ्या ठेकेदाराचे सगळे ट्रक आमच्याकडे धुवायला येत. हसणारे हळूच येऊन बघत उभे राहू लागले. पाण्याचे तुषार अंगावर घ्यायला पोरं नागडी उभी राहायची, आणि मामंजी त्यांना खोटं खोटं हाकलायचे.

आता माझं सांगते. मी चाकणच्या सोनाराची मुलगी. मामंजींचं घराणंही मूळचं सोनाराचंच, पण ते चौदाव्या वर्षी बागेसरी टाकून मोटारींच्या मागे पळाले, ते पळालेच. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. आमच्या जातीतले लोक त्यांच्याकडे जरा नाक मुरडूनच बघत. माझ्या वडिलांनी मात्र मला तिथे दिलं, कारण त्यांच्या मते जो माणूस हाताने काम करतो त्याच्या घरात पोरीला उपाशी राहावं लागत नाही. वडिलांचं ते म्हणणं खरं ठरलं. उपाशी राहिले नाही. फक्त पाणी भरून भरून कंबर मोडली.

हे ऐकून कोणालाही हसू येईल, पण त्या कमानीच्या घरात प्यायला पाणी नव्हतं. विहिरीचं पाणी मचूळ, ते ट्रकना. प्यायचं पाणी पवनेवरून डोक्यावर आणायचं. दारात बत्तीस तोंडांनी ट्रकची अंघोळ चाललेली, आणि सून दोन हंडे घेऊन नदीला! मला फार राग यायचा. एकदा सासूबाईंना तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "ट्रक पैसं देतो, तू देतीस का?" त्यांच्यापुढे कोणाचंच चालत नसे, माझं कुठून चालणार.

कमान म्हणजे मामंजींची लक्ष्मी होती. दर अवसेला तिला नारळ फुटायचा, आणि त्याआधी नोझलं घासायची असायची. पितळ म्हटलं की आमच्या बायकांना एकच कळतं: चिंच आणि राख. लग्नानंतरच्या पहिल्या अवसेला सासूबाईंनी मला देवाची भांडी आणि कमानीची खालची नोझलं एकाच टोपलीत दिली. मीही नवी नवरी, हात दाखवायची हौस. भांडी सगळ्यांनाच घासता येतात, पण भोकाच्या आतून लख्ख कसं करायचं हे फक्त सोनाराच्या मुलीला ठाऊक. माझे वडील मण्यांची भोकं आतून साफ करताना दोऱ्याला बारीक भुकटी लावून तो आरपार ओढत. मी शिवणाचा दोरा घेतला, त्याला चिंच-राखेचा लगदा लावला, आणि एकेका नोझलातून तो मागे-पुढे ओढला. नोझलं आतून बाहेरून अशी चमकली की मामंजी बघतच राहिले. "आरं, ही तर सोन्याची केली पोरीनं!" असं ते म्हणाले, आणि मी कामाला लागले ती लागलेच. अवसेवर माझं भागेना. मी दर शनिवारी घासू लागले. दोरा सारखा तुटायचा म्हणून पुढे सुतळी घेतली. कोणी सांगितलं नव्हतं.

वरच्या नोझलांना मात्र माझा हात लागला नाही. शिडी लावावी लागे, आणि सासरा अंगणात बसलेला असताना सुनेने त्याच्या डोक्यावर चढून उभं राहायचं, ही गोष्ट त्या काळी कोणाच्या मनातही येत नसे. खालच्या बाजूंची सात आणि सात अशी चौदा नोझलं माझ्या हाताखाली आली. वरची अठरा काळी, हिरवट तशीच राहिली. ती बघून माझा जीव तळमळायचा.

चार वर्षं अशी गेली. मग कमानीचं पाणी मंदावलं.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. नंतर ठेकेदाराचे ड्रायव्हर कुरकुरू लागले. पूर्वी पाणी चिखलाला टोचून काढायचं, आता ते नुसतं ओघळायचं. सगळं पाणी खालच्या नोझलांतून भदाभदा यायचं आणि वरून कशीबशी गळती. शेवटी ठेकेदार स्वतः आला. जाडजूड माणूस, बोलायला गोड. धुतलेल्या ट्रकच्या मडगार्डवरून त्याने बोट फिरवलं आणि ते मामंजींच्या समोर धरलं. "बाबा, गाडी न्हाली न्हाई. नुसती भिजली." मग म्हणाला, दसऱ्यापर्यंत बघतो, नाहीतर ट्रक खडकीला धुवायला पाठवीन.

ठेकेदार गेला की कमान गेली, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

याच दिवसांत आमच्या घरात एक कागद आला. माझ्या नवऱ्याने पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फिटरच्या जागेसाठी अर्ज केला होता, आणि त्याला बोलावणं आलं होतं. पगार बरा होता, पण मला पगाराशी देणंघेणं नव्हतं. कारखान्याची कॉलनी बांधून होत होती, तिथे दोन खोल्यांची क्वार्टर मिळणार होती, आणि त्या क्वार्टरच्या आत, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ, नळ होता! ह्यांनी तो बघून येऊन मला सांगितलं तेव्हा मी तीनदा विचारलं, "आत? घराच्या आत?"

मामंजींना ते मुळीच पसंत नव्हतं. "दुसऱ्याच्या भोंग्यावर उठायचं?" ते म्हणाले. "आपली कमान हाय. तिला दोन मानसं लागत्यात. मी एकटा कसा पुरनार? माजं डोळं बी आता गेल्यात." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. शेवटी त्यांनी स्वतःच निकाल दिला. "दसऱ्यापत्तुर कमान नीट झाली तर तू हितंच ऱ्हायचंस. न्हाई झाली तर ती भंगारात, आन् तुमी कंपनीत."

मी घरात बसून हे ऐकत होते. खोटं कशाला सांगू, मी मनात देवाला म्हटलं, कमान नीट होऊ देऊ नको. देवाला असलं काही सांगायचं नसतं. तो ऐकतो.

ह्यांनी मात्र कमान दुरुस्त करायची मनापासून खटपट केली. नोझलं झिजली असणार हे त्यांनी ओळखलं. एक खालचं नोझल काढून पुण्याच्या लेथवाल्याकडे नेलं आणि अगदी तसलीच चौदा करून आणली. तसलीच! झिजलेल्या नोझलाचा नमुना दिल्यावर कारागिराने झिजलेलीच करून दिली, त्याचं काय चुकलं? नवी कोरी नोझलं बसवली, ट्रक आत घेतला, आणि पाणी जसंच्या तसं ओघळलं. मग पंप खोलला, त्याचे वॉशर बदलले, इंजिन पुसलं. काही उपयोग झाला नाही. मामंजी भडकले. एकदा म्हणत लष्करवाल्यांनी झिजलेला माल गळ्यात मारला, एकदा म्हणत पोराच्या हातालाच यश नाही. "ह्यानं हात लावला आन् लक्षुमी रुसली." हे खाली मान घालून ऐकून घेत. उलट एक शब्द बोलत नसत. मला वाटायचं, दसऱ्यानंतर जायचंच आहे म्हणून गप्प बसत असतील.

पितृपक्ष लागल्यावर मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, ह्या खंडेनवमीला कमानीची शेवटची पूजा व्हईल. वरची नोझलं बी काढून देतो. समदी लख्ख कर. जाता जाता तरी तिला नटवूया." खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. ह्यांनी शिडी लावली, वरची अठराही नोझलं काढली, आणि टोपली माझ्यापुढे ठेवली. जुनी चौदाही त्यातच होती.

मी चिंच भिजवली, राख चाळली, सुतळीला लगदा लावला, आणि वरचं पहिलं नोझल उचललं. सुतळी आत जाईना. मला वाटलं कचरा अडकला असेल. सुईने टोचलं, फुंकलं, पाण्यात बुडवून हलवलं. सुतळी तरी जाईना. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मग एक उजेडात धरून एक डोळा मिटून आत पाहिलं. आत कचरा नव्हता. भोक गोल, स्वच्छ, आणि सुईच्या नेढ्यापेक्षा जरासंच मोठं होतं. शेजारी माझं नेहमीचं घासलेलं नोझल धरलं. त्यातून सुतळी सळकन गेली, आणि वर जागा उरली.

मी तशीच बसून राहिले. हात चिंचेने आंबट झालेले, कपाळावर राख, आणि डोक्यात एकच गोष्ट: नोझलं लष्कराने झिजवली नव्हती, ह्यांच्या हातानेही बिघडली नव्हती. ती मी झिजवली होती. चार वर्षं, दर शनिवारी, मण्यातून दोरा ओढावा तशी.

आता मी काय करावं? एक सरळ गोष्ट अशी होती की काहीच करू नये. तोंड मिटून तीन आठवडे काढले की नळ माझा. आणि मी खरंच दोन दिवस गप्प बसले. त्या दोन दिवसांत माझी जी अवस्था झाली ती काय सांगू! चोराच्या मनात चांदणं. सासूबाईंनी नुसती चिंच मागितली तरी मी दचकायची.

अविधवा नवमीला आईच्या श्राद्धासाठी मी चाकणला गेले. आई सवाष्ण गेली होती. जाताना पदराच्या गाठीला दोन नोझलं बांधून नेली, एक वरचं, एक खालचं. जेवणं झाल्यावर ती वडिलांपुढे ठेवली. त्यांनी भिंग लावलं, दोन्ही पाहिली, आणि विचारलं, "हे मोठं कोणी केलं?" मी म्हटलं, मी. कसं केलं तेही सांगितलं. वडील असे हसले, असे हसले की शेवटी ठसका लागून दुकानात आलेलं कुरुळीचं एक गिऱ्हाईक पाणी आणायला धावलं.

"अगं, लहानपणी तुला काय शिकवलं?" ते म्हणाले. "घासलं की उतरतं. म्हणून तर आम्ही सोनं घासताना खाली कापड अंथरतो, भुकटी गोळा करायला. पितळेला वेगळा न्याय असतो का?"

मग त्यांनी जंतर काढलं. ही पोलादाची पट्टी, तिला एकापेक्षा एक लहान भोकं असतात, त्यातून ओढत ओढत सोनार तार बारीक करतो. वडिलांनी पितळेची तार एकेका भोकातून ओढली आणि वरच्या नोझलात घालून बघितली. घट्ट, पण आरपार जाईल अशी झाली तेव्हा थांबले. बोटभर तुकडा तोडून माझ्या हातात दिला. "हे तुझं माप. झिजलेली भोकं डाखाने भरायची आणि या मापाने पुन्हा पाडायची. चार-सहा दिवसांचं काम. मी येतो."

मी म्हटलं, "पण मग आम्ही तिथेच राहू. नळ जाईल."

वडील भिंग पुसत म्हणाले, "ते मला विचारू नको. मी भोकाचं माप सांगितलं."

तो तारेचा तुकडा मी आकड्यासारखा अंबाड्यात खोचला आणि सर्व्हिस मोटारीने परत आले. संध्याकाळी ह्यांना परसात गाठून सगळं सांगितलं. हे आधी थक्क झाले, मग इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "आता बोलू नकोस. थोडेच दिवस राहिलेत."

"आणि तुम्ही त्यांच्या शिव्या खाताय त्या?"

"खाईन की. शिव्यांनी भोक पडत नाही."

माझा संताप झाला. संताप ह्यांचा नव्हे, माझाच. हा माणूस माझ्या नळासाठी बापाच्या तोंडून नालायक ठरत होता, आणि मी अंबाड्यात माप खोचून हिंडत होते.  तरी सांगते, दुसऱ्या दिवशीही मी बोलले नाही. नळ फार जवळ आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला आला. घ्यायला नव्हे, नुसता अंदाज करायला. त्याने कमानीच्या नळावर दगड आपटून आवाज ऐकला, टोपलीतली नोझलं हातात खुळखुळवली, आणि म्हणाला, "बाबा, फसवलं तुम्हाला. लिलावातच झिजका माल दिला. लोखंडाचं जे काय येईल ते येईल, हे पितळ म्हणजे कचरा."

मामंजी त्याला झापतील असं मला वाटलं. कमानीला कोणी नुसतं जुनी म्हटलं तरी ते अंगावर धावून जात. त्या दिवशी त्यांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "सारं गाव म्हनत व्हतं. मलाच उमगलं न्हाई."

मला ते बघवेना. हातात कणकेचा गोळा होता तो तसाच परातीत टाकून मी बाहेर आले. परका माणूस समोर, सासरा समोर, आणि मी डोक्यावरचा पदर सावरत मोठ्याने बोलले. इतकं मोठ्याने की हे विहिरीवरून पळत आले.

"मामंजी, तुम्हाला कोणी फसवलं नाही. ह्यांच्या हातानेही काही बिघडलं नाही. नोझलं मी घासून मोठी केली. वरच्यांना माझा हात पोचत नव्हता, म्हणून ती चांगली राहिली." आणि अंबाड्यातली तार काढून मी टोपलीपाशी बसले. वरचं नोझल घेतलं, तार घट्ट जाते ते दाखवलं. खालचं घेतलं, तार आत टाकली, ती दुसरीकडून खाली पडली.

मामंजींना नीट दिसत नव्हतं. त्यांनी ती तार माझ्याकडून घेतली आणि स्वतः बोटांनी चाचपून एकेका नोझलात घालून बघितली. बराच वेळ लागला.  भंगारवाल्याने विडी विझवली.

"किती वर्सं घासलीस?" त्यांनी विचारलं.

"चार. दर शनिवारी."

"शनवारी? मी तर आवसेला म्हनलो व्हतो."

"मला जास्त चांगलं करायचं होतं," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

मामंजी एकदम हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग मांडीवर थाप मारून. "घ्या! लोक सून वाईट निघाली म्हनून बुडत्यात. माजी गुनाची निघाली म्हनून मी बुडालो!" सासूबाई दारातून म्हणाल्या, "मी तिला आधीच सांगत हुते, येवढी चिंच लागती कशाला." त्यांनी असं कधीही सांगितलं नव्हतं, पण ती वेळ वाद घालायची नव्हती. मामंजी भंगारवाल्याकडे वळले. "जा बाबा. हितं भंगार न्हाई. हितं चिंच जास्त झाली."

मग ते ह्यांच्याजवळ गेले.  ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि ह्यांनी जोरात नाक शिंकरलं.

वडील चाकणहून हत्यारं घेऊन आले. अंगणात कडुलिंबाखाली त्यांनी शेगडी मांडली, फुंकणीने जाळ धरून एकेका नोझलाचं भोक डाखाने भरलं. डाख म्हणजे सांधा भरायचा धातू. भोकं पाडायला त्यांनी मला बसवलं. आमचं सोनारी ड्रिल दोरीच्या गजाने फिरतं, गज ओढला की टोक गरगर फिरतं. वडिलांचा हात आता कापत असे, आणि ह्यांच्या हाताला मोठ्या पान्यांची सवय. मामंजी माझ्यासमोर बसले आणि नोझल चिमट्यात घट्ट धरून राहिले. सुनेसमोर सासरा मांडी घालून बसलाय आणि ती सांगतेय, "मामंजी, जरा डावीकडे, हलू नका," हे बघायला पुन्हा लोक गोळा झाले. मामंजी त्यांना म्हणाले, "बघा, बघा. सायबाच्या देशात बी आसं न्हाई." प्रत्येक भोक पाडलं की मी तार घालून बघायची. सैल गेली तर पुन्हा भरायचं. पहिल्या दिवशी चारच जमली. पाचव्या दिवशी चौदा पुरी झाली.

खंडेनवमीच्या सकाळी बत्तीसही नोझलं कमानीवर चढली. मामंजींनी झेंडूचं तोरण बांधलं आणि हळद-कुंकू फक्त नळाला लावलं, नोझलांना बोट लावू दिलं नाही. ठेकेदाराचा सिमेंटचा ट्रक आला, पांढराफटक. त्याचं चाक पट्टीवर चढलं आणि पाणी असं सुटलं की बघणारे मागे सरले. सिमेंटची पुटंच्या पुटं गळून पडली. ठेकेदाराने मडगार्डवरून बोट फिरवलं, पाहिलं, आणि मामंजींच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला.

सगळे खूश होते. मीही होते, अगदी मनापासून. आणि रात्री अंथरुणात पडल्यावर मला नळ आठवला, आणि तेही मनापासूनच आठवला.

दसऱ्याला सोनं लुटून झाल्यावर मामंजींनी ह्यांना आणि मला बोलावलं. कारखान्याचा कागद त्यांच्या मांडीवर होता. ह्यांना वाटलं ते फाडणार. ते म्हणाले, "मी बोललो व्हतो, कमान नीट झाली तर ऱ्हायचं. पर कमान मी नीट केली न्हाई, तू बी केली न्हाईस. जिनं केली तिला इचारू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तुला काय वाटतं? जायचं का ऱ्हायचं?"

मला कोणी असं कधी विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळीही नाही. मला वाटलं होतं, कोणी विचारलं तर मी ताडकन सांगेन.  आणि आता म्हणाले, "मला दोन दिवस द्या."

"घे की," मामंजी म्हणाले. "चार घे."

मी चारही घेतले. चार दिवस हंडे घेऊन नदीला जाताना आणि येताना विचार केला. मामंजींचे डोळे आठवले, सासूबाईंची कंबर आठवली, ह्यांचं खाली घातलेलं तोंड आठवलं. पाचव्या दिवशी सांगितलं, आम्ही जातो. पंपावर मदतीला माणूस ठेवा, आणि नोझलं बघायला मी दर अवसेला येईन, पण त्यांना चिंच कोणीही लावायची नाही. मामंजी म्हणाले, "बरं." एवढंच. मी रागवण्याची वाट बघत होते, ते रागावले नाहीत, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

निघायच्या दिवशी ठेकेदाराने ट्रक दिला. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, एक जातं, आणि आम्ही दोघं. मी वर बसल्यावर मामंजी ट्रकच्या कडेला आले आणि फळीवर हात ठेवून उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "त्या दिशी तू गप बसली आसतीस तरी गेलीच आसतीस. कमान गेली आन् सून गेली, येवढंच मला कळलं आसतं. आता कोन चाललंय ते मला ठावं हाय."

मी तोंडाळ बाई.  पण पिंपरी येईपर्यंत नुसती रडले. पिंपरी काही लांब नाही, म्हणून कॉलनीच्या फाटकाशी ट्रक थांबवायला लावला आणि तिथे आणखी थोडा वेळ रडले.